वाकड्या म्हातारीचा डोळा

तेलेसिया : काका, पुन्हा एकदा सांगा. बाबा किती वाजता गेले?

लाफाएले : आठला पाच कमी. तिसऱ्यांदा सांगतोय, पोरी. त्या विमा कंपनीत लागल्यापासून तू प्रत्येकाकडे चोर असल्यासारखी बघतेस.

तेलेसिया : आणि कुठं गेले?

लाफाएले : दवाखान्यात. खिडकीजवळच्या खाटेवर. नर्सला म्हणाला, "बाई, उशी जरा उंच करा. वर जायचंच आहे, तेवढंच अंतर कमी होईल." आणि मिटले डोळे. हे वाक्य त्याच्या अंत्यविधीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात घाल. चर्चमध्ये पाद्रीबाबासुद्धा हसतील.

तेलेसिया : तुम्ही होतात तिथं?

लाफाएले : मी कसा असेन? मी गावात. पण अख्ख्या गावाला ठाऊक आहे. काल रेडिओवरसुद्धा सांगितलं.

तेलेसिया : मग हा कागद वाचा.

लाफाएले : चष्मा घरी राहिला.

तेलेसिया : खिशात आहे. दांडी दिसतेय.

लाफाएले : इंग्रजीत असणार ते. तूच सांग.

तेलेसिया : आपली गाडी चालवणारा सेफो आज सकाळी दवाखान्यातून घेऊन आला. "रुग्णास आणल्याची वेळ, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. आणला तेव्हाच मृत." आणला तेव्हाच, काका! खाट नाही, खिडकी नाही, नर्स नाही. बाबा त्या दवाखान्यात जिवंत गेलेच नाहीत!

लाफाएले : छे. चुकून लिहिलं असेल. कागद लिहिणारे काय, माझ्या नातवाच्या जन्माच्या कागदावर मुलगी लिहून ठेवलीय.

तेलेसिया : डॉक्टरची सही आहे. आणि पुढं ऐका. "मृत्यू साधारण साडेसहाच्या सुमारास झाला असावा." साडेसहा! दवाखाना इथून अर्ध्या तासावर. साडेसहाला बाबा होते कुठं?

लाफाएले : पाणी दे.

तेलेसिया : घ्या. आणि सांगा.

लाफाएले : हे बघ, आपण आधी जन्मापासून येऊ. जन्मसाल लिहिलंस का? तीन आहेत त्याची. शाळेसाठी एक, न्यूझीलंडच्या व्हिसासाठी एक आणि क्रिकेटच्या टीमसाठी एक. त्यातलं क्रिकेटचं धर, त्यात तो सगळ्यात तरुण आहे.

तेलेसिया : तेच म्हणतेय मी! तीन जन्मसालं. पुढचा दात कसा पडला याच्या पाच गोष्टी. तिकडे ऑकलंडमध्ये आत्ता काय चाललंय ठाऊक आहे तुम्हाला? एक म्हणतो, आपेलू खेळ करता करता रंगमंचावरच गेला. दुसरी म्हणते, भुताची सोंगं करून करून शेवटी भुतानंच नेलं. आमच्या चर्चमधली एक बाई तर म्हणाली, दारू प्यायला होता. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही! मी आठ पानं लिहिलीत, काका. दुपारच्या बोटीनं कागद राजधानीला, अपियाला छापायला जातील, तिथून पेपरात, रेडिओवर. त्या माणसाबद्दल एवढी एक गोष्ट तरी खरी असू दे. निदान त्यांचं मरण.

लाफाएले : उशीचं वाक्य माझं आहे.

तेलेसिया : काय?

लाफाएले : मी रचलं. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी इथंच बसलो होतो, सगळे रडत होते, मला बघवेना. म्हणून सांगितलं. लोक हसले. मग मागे घेता आलं नाही.

तेलेसिया : अरे देवा.

लाफाएले : पण दवाखान्यात गेला हे मी नाही रचलेलं. तुझ्या आईनं सांगितलं. रात्री परत आली ती, मला म्हणाली, "भावजी, आठच्या सुमारास गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता." हेच्च शब्द. मी घट्ट धरून ठेवलेत.

तेलेसिया : थोडं आधी? कशाच्या आधी? काका, साडेसहाला बाबा कुठं होते?

लाफाएले : माझ्यासमोर.

तेलेसिया : म्हणजे?

लाफाएले : पान दोन काढ. काल तू सगळ्यांना वाचून दाखवलंस ते.

तेलेसिया : ते धक्क्यावरचं? त्याचा इथं काय संबंध?

लाफाएले : वाच म्हणतो ना.

तेलेसिया : "गेल्या नाताळात माझी बोट संध्याकाळी लागणार होती. दुसरा शंख झाला की तिसरा होईपर्यंत आमच्या गावात प्रार्थना चालते. तेवढा वेळ रस्त्यावर कुणी पाऊल टाकत नाही, गाडी तर लांबच. बाबांना उशीर झाला होता. ते पिकअपमध्ये मागे आडवे झाले, आपल्या खेळातल्या वाकड्या म्हातारीचं तोंड केलं आणि आई छाती बडवून रडायला लागली. पहाऱ्यावरच्या लोकांनी काठ्या बाजूला घेतल्या, एकानं तर स्तोत्र सुरू केलं. मी बोटीतून उतरले तेव्हा मयत माझी बॅग घ्यायला उभं होतं." झालं. याला काल सगळे पोट धरून हसले. तुम्हीसुद्धा.

लाफाएले : मी हसलो नाही. मी बाहेर गेलो होतो. तू बघितलं नाहीस.

तेलेसिया : का?

लाफाएले : त्याच्या पुढचं तुला कुणी सांगितलं नाही म्हणून. तू परत गेल्यावर गावाची बैठक झाली. आपेलूला एका डुकरिणीचा दंड झाला, तो म्हणाला, "देतो, पण ती मेल्याचं सोंग करते, आधीच सांगतो." सगळे हसले, तरी दंड काही सुटला नाही. आणि ठराव झाला. दुसऱ्या शंखानंतर आपेलूची गाडी सोडायची नाही. आपेलू मेला तरी सोडायची नाही. असेच शब्द होते. मग कुणीतरी विचारलं, तो पुन्हा असा आडवा झाला तर आम्हाला कळणार कसं? तर म्हणाले, आपेलूचं खरं कुठलं आणि सोंग कुठलं, हे या बेटावर एकट्या लाफाएलेला कळतं. तीस वर्षं एकत्र खेळ करतायत. त्यालाच उभा करा वेशीवर.

तेलेसिया : काका...

लाफाएले : मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? मान वाटला मला.

तेलेसिया : बाबा गेले त्या मंगळवारी तुम्ही होतात वेशीवर.

लाफाएले : होतो.

तेलेसिया : आणि बाबांची गाडी आली.

लाफाएले : दुसरा शंख नुकताच झाला होता. सेफो चालवत होता, हॉर्नवर हॉर्न. आम्ही आठ-दहा जण. मी काठी आडवी धरली.

तेलेसिया : नाही. नाही, नाही. थांबा.

लाफाएले : ऐक तर. तुला वाटतं तसं नाही ते. त्याचं पोट दुखत असेल थोडंफार, म्हणून निघाला असेल, पण शुद्धीवर होता. चांगला शुद्धीवर! मी टॉर्च मारला. मागे आडवा, तोंड वाकडं, एक हात लोंबता. अगदी वाकडी म्हातारी. तुला तो प्रवेश आठवतो ना, स्वर्गाच्या फाटकाचा? ती मरून वर जाते, फाटकावर मी रखवालदार. मी विचारतो, "म्हातारे, काय आणलंस?" आणि ती उत्तर देते. दर खेळात नवीन उत्तर. मलासुद्धा आधी सांगायचा नाही. तर मी काठी टेकवली आणि विचारलं, "म्हातारे, काय आणलंस?"

तेलेसिया : तुम्ही खेळ केलात? तिथं?

लाफाएले : सगळे हसायला लागले. आणि तो बोलेना. उत्तराआधी थांबायचा तो नेहमी. लोक हसून हसून शांत होईपर्यंत थांबायचा, मग टाकायचा वाक्य. मी तीस वर्षं त्या थांबण्याकडे बघत आलोय. पण एवढा कधी थांबला नव्हता. मी मनात म्हटलं, वा रे गड्या, आज काहीतरी जबरदस्त येतंय.

तेलेसिया : आणि तुम्ही वाट बघत राहिलात.

लाफाएले : आम्ही सगळे. मग त्यानं मला डोळा मिचकावला.

तेलेसिया : काय केलं?

लाफाएले : डोळा मिचकावला. असा, डावा. सावकाश. माझ्याकडे बघून. म्हणजे, लाफाएले, तुला कळलंय, मला कळलंय, चालू दे. पोरी, त्या एका डोळ्यावर मी हे चार दिवस काढलेत. पुढं दवाखान्यात जे झालं ते झालं, पण मला तो हसत भेटून गेला. आता तूच सांग, डोळा मिचकावणारा माणूस मरत असतो का? म्हणून म्हणतो, कागद चुकलाय.

तेलेसिया : कुठला डोळा म्हणालात?

लाफाएले : डावा.

तेलेसिया : परत उघडला त्यांनी?

लाफाएले : म्हणजे?

तेलेसिया : मिचकावल्यावर उघडला का? तुम्ही पाहिलंत?

लाफाएले : टॉर्च... मी टॉर्च खाली केला होता. हसत होतो मी. का? काय लिहिलंय अजून त्यात?

तेलेसिया : काही नाही.

लाफाएले : मग कागद मागे का घेतलास? वाच.

तेलेसिया : काका, राहू दे.

लाफाएले : आपेलूचं मरण खरं लिहायचंय ना तुला? वाच.

तेलेसिया : "घरच्यांनी सांगितलेली लक्षणं. पावणेसहापासून बोलणं बंद. तोंड एका बाजूला ओढलेलं. डावा हात लुळा. डावी पापणी..."

लाफाएले : हं.

तेलेसिया : "डावी पापणी हळूहळू पडली. मेंदूत रक्तस्राव."

लाफाएले : पडली.

तेलेसिया : काका, बसा. खाली बसा. आई! आई, इकडे ये!

सालोमे : तारोचे कंद चुलीवर आहेत. जळतील.

तेलेसिया : जळू देत. इकडे ये आधी.

सालोमे : काय आहे? बाहेरगावची माणसं यायची वेळ झाली, मयतासाठी आलेल्या चटया मोजायच्यात... हा कागद कुणी दिला?

तेलेसिया : सेफोनं.

सालोमे : त्या गाढवाला बजावलं होतं, कागद मिळाला की चुलीत घाल म्हणून.

तेलेसिया : म्हणजे तुला ठाऊक होतं. डॉक्टरला हे सगळं तूच सांगितलंस. आणि आम्हाला सांगितलंस दवाखाना, आठ वाजता! मला फोनवर म्हणालीस, "शांतपणे गेले." आई, मी ऑकलंडच्या विमानतळावर उभी राहून रडताना लोकांना सांगत होते, शांतपणे गेले!

सालोमे : हळू बोल. अंगणात लोक आहेत.

लाफाएले : वहिनी.

सालोमे : भावजी, घरी जा. दोन घास खा आणि पडा जरा.

लाफाएले : तू मागं त्याच्याजवळ बसली होतीस. तू सांग. त्यानं मला डोळा मिचकावला ना?

सालोमे : चार दिवस तुम्ही नीट जेवला नाहीत, मला तुमच्या घरून कळतंय सगळं.

लाफाएले : वहिनी, हो की नाही?

सालोमे : नाही. तो डोळा घरातच मिटायला लागला होता. तुमच्यापर्यंत येईतो पुरता मिटला.

लाफाएले : तू ओरडत होतीस.

सालोमे : हो.

लाफाएले : मला वाटलं, नाताळापेक्षा बरी रडतेय. मी तसं बोललोसुद्धा. मोठ्यानं. "वहिनी सुधारली," म्हणालो. लोक हसले.

सालोमे : ऐकलं मी.

तेलेसिया : तुम्ही... तीस वर्षं! सगळ्या बेटात तुम्हाला एकट्याला कळतं म्हणून तुम्हाला उभं केलं होतं! टॉर्च मारून बघितलंत, काका. बाबा मरत होते आणि तुम्ही त्यांच्याकडे टॉर्च मारून विनोद मागत होतात! तुम्ही मारलंत त्यांना. तुम्ही आणि तुमच्या त्या...

सालोमे : तोंड आवर.

तेलेसिया : का आवरू? खोटं आहे?

सालोमे : आवर म्हणते. मग मलाही तेच म्हणावं लागेल तुला.

तेलेसिया : तुला का?

सालोमे : पावणेसहाला मी स्वयंपाक करत होते. ते आतून आले, दाराला धरून उभे राहिले, तोंड वाकडं. काहीतरी घोगरं बोलले. मी म्हटलं, पुरे झाला चावटपणा, प्रार्थनेची वेळ झाली. ते तसेच. मी हातातला मोठा चमचा घेतला आणि मारला.

तेलेसिया : मारलास?

सालोमे : दंडावर. डाव्या. त्यांना लागलं नाही. लागलंच नाही, ते बघतच राहिले माझ्याकडे. तरी मी पाठ फिरवली आणि नारळ किसत बसले. दहा मिनिटं. पंधरा असतील. मागनं पडल्याचा आवाज आला, तरी मी म्हणाले, उठा, मी नाही फसायची.

तेलेसिया : आई.

सालोमे : मग पहिला शंख झाला आणि ते उठले नाहीत. शंखाला ते कधी चुकायचे नाहीत, तेव्हा मी वळून बघितलं.

लाफाएले : हे तू मला का नाही सांगितलंस?

सालोमे : तुम्हाला सांगून काय करू? चमचा परत घेता येतो? त्या रात्री मी परत आले तर तुम्ही दारात उभे. मला म्हणालात, "वहिनी, जाताना मला डोळा मिचकावून गेला." लहान मुलासारखं तोंड झालं होतं तुमचं. मी म्हटलं, याच्याकडे तेवढा एक डोळाच आहे. माझ्याकडे संसाराची अडतीस वर्षं आहेत. राहू दे त्याला.

लाफाएले : तुझ्या मांडीवर गेला?

सालोमे : तिसऱ्या शंखाच्या आधी. तुम्ही लोक हसत होतात. मी मुकाट झाले शेवटी. मला वाटत होतं, एवढे हसतायत, आता उठतील हे. कुणी हसलं आणि हे पडून राहिले, असं कधी झालं नव्हतं.

तेलेसिया : वाचले असते का, आई? गाडी थांबली नसती तर?

सालोमे : मी विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले, सांगता येत नाही.

लाफाएले : उपयोग नव्हता म्हणाले, असं तू मला सांगितलंस.

सालोमे : ते मी रचलं. तुम्ही उशी रचलीत, मी ते रचलं.

तेलेसिया : आणि मी पान दोन लिहिलं.

सालोमे : काय म्हणालीस?

तेलेसिया : मला घ्यायला यायचं म्हणूनच त्यांनी ते सोंग केलं ना? मीच फोनवर म्हणाले होते, "बाबा, कसंही करून या, मला धक्क्यावर एकटीला ताटकळत ठेवू नका." कसंही करून! त्यावरून तो ठराव. त्यावरून वेशीवर काका. आणि हे सगळं मी पान दोनवर लिहिलं, तिथं लोक हसतील म्हणून दोन ओळींची जागा मोकळी सोडली. मी शंभर जणांना सांगितलीय ही गोष्ट. अरे देवा, मी मंगळवारी दुपारीसुद्धा सांगत होते ऑफिसात.

सालोमे : रडायचं तर रड. कागदावर पाणी पाडू नकोस, बोटीनं जायचेत.

तेलेसिया : काय जायचेत? काय लिहू मी त्यात?

लाफाएले : झालं तसं लिही. माझं नाव घाल.

सालोमे : नाव घालायचं नाही.

लाफाएले : का? खेळात केलं असतं तर भुतानं केलं म्हटलं असतं, भुताला दंड नाही. मी राजकारण्यांची टर उडवली, पाद्रीबाबांची उडवली, कुणी बोट लावलं नाही, कारण बोलणारा मी नव्हतो, अंगात आलेलं भूत होतं. हे रस्त्यावर झालंय. तिथं भूतबित नव्हतं. मी होतो.

सालोमे : मग माझंही घाला. चमच्यासकट.

तेलेसिया : थांबा दोघं. लिहितेय मी. ऐका. "आपेलू मंगळवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, दुसऱ्या आणि तिसऱ्या शंखाच्या मध्ये, गावच्या वेशीवर, पिकअपमध्ये, बायकोच्या मांडीवर गेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि एक डोळा मिटला होता. भोवती त्यांची माणसं होती आणि ती हसत होती. त्यांना वाटलं, सोंग आहे."

लाफाएले : चुकलं.

तेलेसिया : काय चुकलं?

लाफाएले : त्यांना नाही. आम्हाला.

तेलेसिया : "आम्हाला वाटलं, सोंग आहे."

सालोमे : हं. आता बरोबर.

तेलेसिया : आणि पान दोन? फाडते ते.

सालोमे : फाडायचं नाही. ते झालं होतं. फार मजा आली होती त्या दिवशी, परत येताना गाडीत तुम्ही दोघं गात होता. ते पण खरंच आहे. मोकळी जागा तेवढी काढून टाक. सेफो! हे घे, बोटीवर दे. घडी घालू नकोस.

लाफाएले : वहिनी, एक मागायचं होतं.

सालोमे : तारो जळले ना शेवटी. काय?

लाफाएले : चटई पाहिजे. बारीक विणीची.

सालोमे : कशाला?

लाफाएले : तुला ठाऊक आहे कशाला. तुझ्या दारात बसणार आहे, पांघरून.

सालोमे : मग स्वतःच्या घरून आणा. दुसऱ्याची चटई पांघरून कुणी माफी मागतं का?

लाफाएले : माझ्या घरी एकच चांगली होती. माझ्या आईनं विणलेली. ती मी परवा आपेलूसाठी इथं आणून दिली. तुझ्याच ढिगात आहे.

सालोमे : लाल पिसांच्या काठाची?

लाफाएले : तीच.

सालोमे : ती सगळ्यात वर ठेवलीय मी. तेलेसिया, आण ती.

तेलेसिया : आई, सत्तर वर्षांचे आहेत काका. गुडघे बघ त्यांचे. आपण माफ करून चटई उचलेपर्यंत उठता येणार नाही त्यांना.

सालोमे : त्यांना ठाऊक आहे. आण.

लाफाएले : पोरी, आण. मघाशी म्हणालीस, मी मारलं, ते बरोबर होतं. तू नाही म्हणालीस तर रात्रीपर्यंत बसेन.

(लाफाएले अंगणात उतरतो, जमिनीवर बसतो आणि चटई डोक्यावरून ओढून घेतो. सालोमे मागोमाग अंगणात उतरते.)

सालोमे : सरका जरा.

लाफाएले : कोण? वहिनी? तू कशाला आत येतेस? तू घरची.

सालोमे : चमचा मी मारला होता. सरका.

तेलेसिया : आई! तू पण आत बसलीस तर चटई उचलायची कुणी?

सालोमे : तू आहेस ना.

तेलेसिया : मी कशी उचलू? त्या सोंगाला सगळ्यात जास्त मीच हसले होते.

सालोमे : मग काय ते ठरव. अशी दारात उभी राहू नकोस, माणसं यायला लागली.

तेलेसिया : सगळे बघतील आपल्याला.

लाफाएले : बघू देत. अंगणातले निम्मे त्या दिवशी वेशीवर होते.

तेलेसिया : ...सरका.

सालोमे : ये.

लाफाएले : पाय आत घे, पोरी. ऊन आलंय.